गुम्मिडिपूंडीचा प्लॉट, सांगलीचा नकाशा : ड्रॉइंग अडलं तर काय तपासायचं

चेन्नई सेंट्रलहून उत्तरेला जाणाऱ्या लोकलने गुम्मिडिपूंडीला उतरलं की एका बाजूला सिपकॉटची औद्योगिक वसाहत आणि दुसरीकडे नव्याने पडलेले प्लॉट दिसतात. आंध्रची हद्द इथून जवळ. नोकरीधंद्यासाठी तमिळनाडूत स्थिरावलेली मराठी माणसं आता या पट्ट्यात घर बांधायचा विचार करू लागली आहेत. विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातली कुटुंबं तर या राज्यात कित्येक वर्षं राहत आहेत. घर बांधायचं ठरलं की नकाशा काढायला आपल्या गावाकडचा ओळखीचा इंजिनिअर आठवतो. तो सांगलीत बसून ऑटोकॅडमध्ये प्लॅन काढतो, मुलगी लॅपटॉपवर स्केचअपमध्ये त्याचं थ्रीडी करते आणि बांधकाम करणारा मेस्त्री तमिळ. फाइल या तिघांमध्ये फिरू लागली की अडचणी सुरू होतात. प्लॅन उघडत नाही, उघडला तर मुंगीएवढा दिसतो, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, प्रिंट मापात निघत नाही.

यातल्या बहुतेक अडचणी सॉफ्टवेअर बिघडल्यामुळे येत नाहीत. एकाने गृहीत धरलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नसते, म्हणून येतात. त्यामुळे प्रोग्राम काढून पुन्हा टाकण्यात दुपार घालवू नका. आधी फाइलची एक प्रत करा, मूळ फाइल बाजूला ठेवा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवरच करा.

पहिली तपासणी एककाची

गावाकडे जमीन गुंठ्यात मोजतात, इथे सेंट आणि ग्राउंडमध्ये. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एक सेंट म्हणजे ४३५.६ चौरस फूट, म्हणजे अडीच सेंटचा एक गुंठा. ग्राउंड २४०० चौरस फुटांचा, ४० बाय ६० फुटांचा प्लॉट म्हणजे बरोबर एक ग्राउंड. कागदावर ‘साडेपाच सेंट’ लिहिलेलं असेल तर क्षेत्र २३९५.८ चौरस फूट, म्हणजे २.२ गुंठे. ग्राउंडपेक्षा चार चौरस फूट कमी. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण क्षेत्रफळाच्या तक्त्यात एका ठिकाणी २४०० आणि दुसऱ्या ठिकाणी २३९५.८ असेल तर मंजुरीच्या वेळी तोच आकडा अडतो. तमिळनाडू सरकारने जुलै २०२४ मध्ये स्वयंप्रमाणनावर घरबांधणी परवान्याची योजना आणली. २५०० चौरस फुटांपर्यंतचा प्लॉट आणि ३५०० चौरस फुटांपर्यंतचं बांधकाम तिच्यात बसतं. एका ग्राउंडच्या प्लॉटला ती लागू पडते, पण अर्जात भरलेल्या आकड्यांची जबाबदारी तुमची असते. म्हणून कागदपत्रांतलं एकच क्षेत्र ठरवा आणि ड्रॉइंगमध्ये सगळीकडे तेच लिहा.

आता स्क्रीनवरचं एकक. आलेली फाइल कुठल्या एककात आहे हे विचारत बसण्यापेक्षा ऑटोकॅडच्या ‘डिस्ट’ कमांडने तीन फुटी दरवाजाची रुंदी मोजा. उत्तर ३६ आलं तर फाइल इंचात, ३ आलं तर फुटात, ०.९१ आलं तर मीटरमध्ये आणि ९१४ आलं तर मिलिमीटरमध्ये. दरवाज्यावर विश्वास नसेल तर प्लॉटची ४० फुटी बाजू मोजा, मिलिमीटरमध्ये ती १२१९२ यायला हवी.

इथे अनेकजण ‘युनिट्स’ची खिडकी उघडून मिलिमीटर निवडतात आणि काम झालं असं समजतात. त्या खिडकीने रेषांची लांबी बदलत नाही, फक्त त्यांना काय म्हणायचं ते बदलतं. खरा बदल ‘स्केल’ कमांडने होतो. इंचाचं मिलिमीटर करायला २५.४, फुटाचं मिलिमीटर करायला ३०४.८, मीटरचं मिलिमीटर करायला १०००. सगळं निवडा, आधारबिंदू शून्य-शून्य द्या, हा गुणक द्या, मग ‘इनसयुनिट्स’ची किंमत ४ करा. मीटरसाठी ती ६, फुटासाठी २, इंचासाठी १ असते. ही किंमत चुकीची राहिली तर बाहेरून आणलेला संडासाचा किंवा पलंगाचा ब्लॉक कधी हॉलएवढा होतो, कधी दिसेनासा होतो. आणखी एक गोष्ट : ‘आर्किटेक्चरल’ पद्धत निवडली असेल तर नुसतं १० टाइप केलं की प्रोग्राम दहा इंच समजतो. फुटासाठी आकड्यापुढे फुटाची खूण द्यावीच लागते. स्केचअपमध्ये ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल आणताना आयातीच्या पर्यायांत एकक निवडायचं असतं, ते ‘मॉडेल युनिट्स’वर तसंच सोडू नका.

प्लॉट बंद होत नाही

तमिळनाडूत जमिनीचा अधिकृत आराखडा म्हणजे एफएमबी (फील्ड मेजरमेंट बुक) स्केच. आपल्याकडच्या मोजणी नकाशासारखा, पण त्यात बाजूंबरोबर आतल्या तिरक्या रेषांचीही मापं दिलेली असतात. प्लॉट बाजूंच्या मापांवरून गोल फिरून काढायला गेलात तर शेवटची रेषा पहिल्या बिंदूला भिडत नाही. त्यापेक्षा त्रिकोणांनी काढा. एक बाजू काढा, तिच्या दोन टोकांवर दिलेल्या मापांची वर्तुळं काढा, ती जिथे छेदतात तो तिसरा कोपरा. असं करत पुढे जा. मापं मीटरमध्ये असतात, आणि खरेदीखतात फुटात. म्हणून एफएमबी, खरेदीखत आणि जागेवरची टेप यांचे तिन्ही आकडे एकमेकांशेजारी लिहून बघा.

जागेवर चार बाजूंबरोबर दोन्ही कर्ण मोजाच. ४० बाय ६० चा प्लॉट खरोखर काटकोनी असेल तर दोन्ही कर्ण ७२ फूट सव्वा इंचाच्या आसपास सारखे येतात. एक कर्ण ७२ फूट १० इंच आणि दुसरा ७१ फूट ४ इंच आला तर प्लॉट तिरका आहे, आणि काटकोनी गृहीत धरून काढलेली पार्किंगची जागा बांधताना तेवढी राहणार नाही. हा दोष पायाची आखणी झाल्यावर कळला तर फार महागात पडतो.

कागदाचा फोटो मागे ठेवून त्यावरून रेषा काढत असाल तर फोटोऐवजी सपाट स्कॅन घ्या. मोबाइलच्या फोटोत एक बाजू आखडलेली असते. एका बाजूवरून चित्र मोठं केलं की दुसऱ्या दिशेची बाजूही मोजून बघा. पीडीएफ असेल तर ‘पीडीएफइम्पोर्ट’ने रेषा मिळतात, पण मूळ पीडीएफ कॅडमधून निघालेला असेल तरच. स्कॅन केलेल्या पीडीएफमधून रेषा निघत नाहीत.

सर्व्हेअरने टोटल स्टेशनने मोजणी केली असेल तर वेगळाच त्रास होतो. भिंती थरथरतात, हॅच भरत नाही, स्केचअपमध्ये मॉडेल फिरवताना त्याचे तुकडे गायब होतात. कारण त्या फाइलमध्ये खरे भौगोलिक सहनिर्देशक असतात. गुम्मिडिपूंडी यूटीएमच्या ४४व्या पट्ट्यात येतं (सांगली ४३व्या). इथे उत्तरेचा आकडा पंधरा लाख मीटरच्या जवळपास जातो, मिलिमीटरमध्ये दीडशे कोटींच्या घरात. एवढ्या लांब अंतरावर सॉफ्टवेअरची अचूकता कमी पडते. प्लॉटच्या एका कोपऱ्याचे खरे आकडे वहीत लिहून ठेवा, मग प्रतीतलं सगळं ड्रॉइंग उचलून तो कोपरा शून्य-शून्यवर आणा. सर्व्हेची मूळ फाइल मात्र हलवू नका.

सूर्य चुकीचा

स्केचअपच्या नेहमीच्या टेम्प्लेटमध्ये ठिकाण अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधलं असतं. ते न बदलता सावल्या बघितल्या तर दिसणारं सगळं निरुपयोगी. गुम्मिडिपूंडीचा अक्षांश १३.४ उत्तर, रेखांश ८०.१ पूर्व. हे आकडे भरा. स्केचअपऐवजी स्वीट होम थ्रीडी वापरत असाल तर होकायंत्राच्या खिडकीत तेच भरता येतात. मग एक गोष्ट दिसेल जी गावाकडच्या इंजिनिअरच्या सवयीत एवढी नसते. इथे एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडून असतो. सांगलीत हाच काळ मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. म्हणजे ऐन उकाड्यात उत्तरेच्या खिडक्यांनाही छज्जा लागतो. उत्तर दिशा ठरवताना मोबाइलचं होकायंत्र सळयांच्या ढिगापासून लांब धरा, लोखंडाजवळ ते चुकतं.

फाइल उघडत नाही, अक्षरं फुटतात

डीडब्ल्यूजी नव्या आवृत्तीत सेव्ह झाली असेल तर जुनी आवृत्ती ती नाकारते. पाठवणाऱ्याला फोन करण्याआधी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीची सहा अक्षरं वाचा आणि काहीही न बदलता बंद करा. एसी१०३२ म्हणजे २०१८चा साचा, एसी१०२७ म्हणजे २०१३चा, एसी१०२४ म्हणजे २०१०चा. तुमचं सॉफ्टवेअर त्याआधीचं असेल तर ऑटोडेस्कच्या मोफत डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यूमधून फाइल जुन्या साच्यात करून घेता येते. लिब्रेकॅड वापरत असाल तर डीएक्सएफच मागवा.

फाइल खराब झाली असेल तर ती थेट न उघडता ‘रिकव्हर’ने उघडा, नंतर ‘ऑडिट’ करा. दोन्ही उपयोगी पडले नाहीत तर त्याच फोल्डरमधली बीएके फाइल शोधा, शेवट बदलून डीडब्ल्यूजी करा, आधीच्या सेव्हपर्यंतचं काम परत मिळतं. वीज गेल्यामुळे लॅपटॉप बंद पडला असेल तर ऑटोसेव्हची फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये सापडते. तिचा शेवट एसव्ही आणि डॉलरची खूण असा असतो, त्याजागी डीडब्ल्यूजी लिहा. ऑटोकॅड नीट बंद झालं की ही फाइल पुसली जाते, म्हणून घाईने उघडबंद करू नका, आधी ती उचलून दुसरीकडे ठेवा. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळाच्या पावसात चेन्नई आणि आसपासच्या भागात वीज गेलेली आठवत असेल. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या महिन्यांत ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा आणि रोजची प्रत घराबाहेर, क्लाउडवर असू द्या.

प्रश्नचिन्हं दिसणं म्हणजे फाँट नसणं. कॅडच्या जुन्या एसएचएक्स फाँटमध्ये देवनागरी नाही आणि तमिळही नाही. ‘स्टाइल’ कमांडमध्ये जाऊन विंडोजचा निर्मला यूआय निवडा, त्यात दोन्ही लिप्या आहेत. गावाकडच्या ऑफिसात श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर मात्र नुसता फाँट बदलून सुधारत नाही. तो युनिकोडमध्ये बदलून नव्याने टाकावा लागतो. खोल्यांची नावं मराठीबरोबर तमिळमध्येही लिहा. मेस्त्रीला देवनागरी वाचता येईल अशी अपेक्षा का ठेवायची? फाइल पाठवताना ‘ईट्रान्समिट’ने पाठवा, म्हणजे फाँट, जोडलेली ड्रॉइंग आणि चित्रं एकत्र जातात.

ड्रॉइंग मंदावलं तर ‘पर्ज’ आणि ‘ओव्हरकिल’ चालवा. फाइल उघडायची खिडकीच येत नसेल तर ‘फाइलडाया’ची किंमत १ करा. स्वीट होम थ्रीडीसारख्या घरगुती सॉफ्टवेअरमध्ये खोली भरत नसेल तर भिंतींची टोकं जुळलेली नसतात. ऑटोकॅडमध्ये हॅच भरत नाही त्याचंही कारण बहुतेक वेळा हेच. फट शोधून पॉलिलाइन बंद करा. गावाकडे घर बांधायचं असेल तर ही सवय आणखी उपयोगी पडते, कारण महाराष्ट्रातल्या अनेक महापालिकांत वापरली जाणारी ऑटोडीसीआर प्रणाली क्षेत्रफळ बंद पॉलिलाइन आणि ठरलेल्या लेयरवरूनच वाचते.

मापाचा आकडा हाताने बदलू नका

सगळ्यात घातक दोष स्क्रीनवर दिसत नाही. खोली ११ फूट ९ इंच भरते, मालकाला १२ हवी असते, आणि कोणीतरी भिंत न सरकवता मापाचा आकडा खोडून १२ लिहितो. मेस्त्री तो आकडा वाचून बांधतो आणि तीन इंच कुठेतरी दुसऱ्या खोलीतून, जिन्यातून किंवा मागच्या मोकळ्या जागेतून जातात. जिन्यात तीन इंच गेले तर पायरी अरुंद होते आणि घरातल्या वृद्धांना ती आयुष्यभर सोसावी लागते. हे मी अक्षम्य मानतो. आलेल्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये ‘क्विक सिलेक्ट’ने मापं निवडा, गुणधर्मांत ‘टेक्स्ट ओव्हरराइड’ रिकामं आहे का बघा. काही लिहिलेलं असेल तर पुसा, खरा आकडा दिसेल. मग भिंत खरोखर सरकवा. आकडे बदलता यावेत म्हणून मापं ‘एक्स्प्लोड’ करणाऱ्याकडून ड्रॉइंग घेऊच नका.

प्रिंट

मिलिमीटरमध्ये काढलेल्या ड्रॉइंगला लेआउटमध्ये व्ह्यूपोर्ट १:१०० ला लावा आणि त्याला कुलूप घाला. एका ग्राउंडचा प्लॉट १:१०० ला ए४ कागदावर बसतो, १:५० ला ए३ लागतो. काही रेषा छापल्याच जात नसतील तर त्या ‘डेफपॉइंट्स’ लेयरवर आहेत का बघा, तो लेयर कधीच छापत नाही. तुटक रेषा सलग दिसत असतील तर ‘एलटीस्केल’ आणि ‘पीएसएलटीस्केल’ दोन्ही १ करून ‘रीजेन’ करा. दुकानात ‘फिट टू पेज’ नको म्हणून सांगा, आणि प्रिंट हातात आल्यावर तिथेच पट्टी लावा. १:१०० ला ४० फुटी बाजू १२.२ सेंटीमीटर भरली पाहिजे. ११.६ भरली तर ती प्रिंट परत करा.

साइटवर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर तारीख, आवृत्तीचा क्रमांक आणि एकक लिहा, आणि नवा कागद देताना मेस्त्रीच्या हातातला जुना परत घ्या.