जाहीर नोटीस वेळेवर आणि बिनचूक छापायची तर

पुण्यातल्या एका वकिली ऑफिसात जाहीर नोटिसांचं काम माझ्याकडे आहे. खरेदीआधीच्या टायटल सर्चच्या नोटिसा, बँकांच्या सरफेसी कायद्याखालच्या ताबा-नोटिसा आणि लिलावाच्या जाहिराती, कोर्टाच्या हुकमाने पेपरात द्यायची समन्सं, सोसायटीतल्या मयत सभासदाच्या वारसांसाठीच्या नोटिसा. पूर्वी हे सगळं वर्डच्या जुन्या फायली, डायरीतल्या तारखा आणि एजन्सीला केलेले फोन यांवर चालायचं. आता त्यातलं बरंच काम सॉफ्टवेअरवर गेलंय. त्यात जे शिकले, ते याच कामात असलेल्यांसाठी लिहिते.

१. आधी नोंदी एकसारख्या करा, सॉफ्टवेअर मागाहून घ्या.
आम्ही साध्या गूगल शीटपासून सुरुवात केली. एका नोटिशीला एक ओळ: मौजे, तालुका, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, पक्षकार, पेपर, आवृत्ती, रिलीज ऑर्डर, प्रसिद्धीची तारीख, हरकतीची शेवटची तारीख. कॉलम ठरवताना जी चर्चा झाली, ती सगळ्यात उपयोगी पडली. हरकतीची मुदत कुणी जाहिरात बुक केल्यापासून मोजत होतं, कुणी छापून आल्यापासून. अशा गोष्टी माणसांनी आपसात ठरवल्याशिवाय कुठलंही सॉफ्टवेअर मिटवू शकत नाही.

२. जुन्या नोटिशीवर नवी नोटीस चढवू नका.
जुनी फाईल उघडून नावं बदलली की आधीच्या पक्षकाराचं एखादं नाव, एखादी सीमा हमखास मागे राहते. आता कोरा नमुना आहे आणि माहिती शीटमधून मेल मर्जने भरली जाते. चतुःसीमेची चारपैकी एक बाजू रिकामी असेल तर शीटमधली ओळ लाल होते आणि ती भरल्याशिवाय मसुदा पुढे जात नाही.

३. मुदती डोक्यात ठेवू नका.
हे काम यंत्राकडे द्यायलाच हवं. सरफेसीत कलम १३(२) ची मागणी-नोटीस दिल्यावर ६० दिवस थांबावं लागतं. ताबा घेतला की २००२ च्या नियमांप्रमाणे ७ दिवसांच्या आत दोन प्रमुख दैनिकांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेच्या दैनिकात, ताबा-नोटीस यावी लागते. दिवाळखोरी संहितेखालच्या जाहीर घोषणेला तर अंतरिम व्यावसायिकाच्या नेमणुकीपासून तीनच दिवस मिळतात. मध्ये लक्ष्मीपूजन आलं आणि पेपरचा अंकच निघणार नसला तर? म्हणून दैनिकांच्या सुट्ट्याही आमच्या कॅलेंडरात आहेत.

छापून येण्याच्या तारखेचं वजन किती, ते सरफेसीचं कलम १३(८) वाचलं की कळतं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कर्जदाराला पैसे भरून तारण सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात तेच स्पष्ट केलं. कुणाचं घर सुटण्याचा हक्क त्या दिवशी संपतो, म्हणून ती तारीख अंदाजाने लिहायची नसते.

टायटलच्या नोटिशीतले १४ दिवस मात्र वहिवाटीचे आहेत, कुठल्या कायद्याने घालून दिलेले नाहीत. दोन पेपरांत वेगवेगळ्या दिवशी आली तर आम्ही नंतरच्या तारखेपासून मोजतो. पक्षकाराला घाई असते, पण हरकत घेणाऱ्यालाही पुरता वेळ मिळायला हवा.

४. प्रूफ मूळ कागदाशी ताडा.
आपण युनिकोडमध्ये टाईप करतो. पुष्कळ ठिकाणी पानं अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लागतात, आणि मजकूर एकातून दुसऱ्यात नेताना अक्षरं मोडतात. ‘कुऱ्हाडे’मधला ‘ऱ्हा’ तुटलेला डोळ्यांना लगेच दिसतो. आकडा बिघडला तर दिसत नाही. एका प्रूफमध्ये ४२/१ मधली तिरपी रेघ गळून गट नंबर ४२१ झाला होता. ४२१ नंबरचा गटही त्याच गावात आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला शंका येण्याचं कारणच नव्हतं. छापलं गेलं असतं तर भलत्याच शेतकऱ्याला धडकी भरली असती, आणि ज्याने हरकत घ्यायची तो निर्धास्त राहिला असता.

तेव्हापासून मजकुरासोबत पीडीएफही जाते. प्रूफ आलं की एकीने सातबारा मोठ्याने वाचायचा आणि दुसरीने प्रूफवर बोट ठेवायचं. आमच्या मसुद्याशी ताडत नाही, कारण मसुद्यातच चूक असली तर ती दोन्हीकडे सारखीच दिसणार. नमुने, तारखा, बुकिंग यांत जो वेळ वाचतो, तो सगळा मी या वाचनाला देते. सॉफ्टवेअरचा मला झालेला सर्वांत मोठा फायदा हाच.

५. पेपर दरावरून निवडू नका.
बुकिंगच्या यादीत स्वस्त पेपर वर येतात. जो जेमतेम कुठे पोचतो, अशा पेपरात नोटीस देऊन कायद्याची औपचारिकता उरकता येते, पण ती मला मान्य नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नियम २० मध्ये तर स्पष्टच आहे की प्रतिवादी शेवटचा जिथे राहत होता, त्या भागात खपणारं दैनिक हवं. टायटलच्या नोटिशीलाही आम्ही तीच कसोटी लावतो. जमीन मुळशीची आणि बहीण लग्न होऊन कराडला गेलेली असेल तर पुणे आवृत्ती पुरत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने तिला वडिलोपार्जित मिळकतीत भावाइतकाच हक्क दिला आहे. शीटमध्ये ‘वारस सध्या कुठे’ असा कॉलम आम्ही यासाठीच ठेवला.

६. हरकतीची वाट सोपी ठेवा.
नोटिशीत फक्त ईमेल देऊ नका. टपालाचा पत्ता आणि ऑफिसचा फोनही द्या. फोनवर कुणी बोललं तर त्याच वेळी शीटमध्ये नोंद करा आणि लेखी कसं पाठवायचं ते समजावून सांगा.

७. छापील अंक जपा.
ई-पेपरची पीडीएफ त्याच दिवशी फाईलला लागते, ते बरंच आहे. पण ती कोर्टात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे. म्हणून नोटीस येईल त्या सकाळीच स्टॉलवरून दोन अंक विकत घ्या. कात्रण कापू नका, पेपरचं नाव, आवृत्ती आणि तारीख दिसेल असं अख्खं पान ठेवा. दावा उभा राहीपर्यंत काही वर्षं जातात, आणि तोवर तो अंक स्टॉलवर मिळत नाही.