आधी हवा, मग शॉकअप. पाट्यांना हात नाही

इकडे कॅलिफोर्नियात ज्याला थ्री-क्वार्टर टन म्हणतात, तसला पिकअप रिकामा असताना मऊ चालत असेल, तर खूश होण्याआधी खाली वाकून त्याचे पाटे मोजावेत. आम्ही घेतलेला जुना डिझेल ट्रक असाच मऊ होता. चार दारं, लांब हौदा, ट्रेलर-घर ओढायला म्हणून घेतलेला. साताऱ्याहून आलेली आई मागच्या सीटवर बसली आणि फ्रेस्नो यायच्या आत झोपली. विकणाऱ्याने मागच्या आसावर हवेच्या पिशव्याही बसवून ठेवल्या होत्या. आयती सोय झाली, असंच घरात सगळ्यांना वाटलं.

मग ट्रेलर जोडला. भरलेला ट्रेलर सात हजार पौंडांच्या आसपास, त्यातले नऊशे पौंड हिचच्या बॉलवर. ट्रकची शेपूट बसली, पण पिशव्यांत हवा भरताच ती उचलली गेली आणि लांबून बघता सगळं सरळ दिसू लागलं. पाचेको पासवर, सॅन लुईस जलाशयाच्या बाजूने आडवा वारा लागला तेव्हा स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं झालं. मागून ट्रेलर ढकलतोय, मधे ट्रक डोलतोय आणि पुढची चाकं रस्त्याला नीट टेकलेलीच नाहीत असा भास. भास नव्हताच तो. मोठ्या ट्रक-स्टॉपवर कॅट स्केलचा काटा असतो, तिथे प्रत्येक आसाचं वजन वेगळं कळतं. ट्रेलर जोडल्यावर पुढचा आस सव्वातीनशे पौंडांनी हलका झाला होता. बॉल मागच्या आसाच्या साडेपाच फूट मागे आणि दोन्ही आसांमध्ये पावणेपंधरा फुटांचं अंतर, तेव्हा मागे दाबलेलं वजन पुढचं टोक उचलणारच. हवेच्या पिशवीने शेपूट वर येते, पुढच्या चाकांवरचं वजन परत येत नाही. ट्रकची भार वाहायची कुवतही पिशवीने वाढत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून जो आकडा छापलेला असतो, तोच शेवटचा.

मेकॅनिकने पाटे मोजले आणि कंपनीच्या आकृतीशी ताडून पाहिले. एक पाटा गायब. आधीच्या मालकाने गाडी मऊ व्हावी म्हणून काढून टाकला असणार, आणि शेपूट बसायला लागल्यावर पिशव्या घातल्या असणार. पाटा काढायचा उपाय इथे बरेच जण सुचवतात, पैसेही फारसे लागत नाहीत. ट्रक नुसता मिरवायचा असेल तर एक वेळ चालेल. ओढायचा असेल तर ही सरळसरळ चोरी आहे: आपल्या कमरेचा आराम ट्रेलरच्या तोलातून काढून घेतलेला.

पाटे पूर्ववत केले आणि ट्रक कारखान्यातून निघाला होता तसा झाला. म्हणजे दणकेबाज. आई म्हणाली, "अरे, एसटीच्या शेवटच्या बाकावर बसवलंस की मला!"

तिचं खरंच होतं. डिझेल इंजिनाचं वजन सगळं पुढे, रिकामा असताना मागच्या आसावर जेमतेम तीन हजार पौंड आणि पाटे घडवलेले सहा हजारांहून जास्त सोसायला. अर्ध्या भाराला ते वाकणार कशाला? त्यात इकडच्या जुन्या हायवेंवर काँक्रीटचे तुकडे पंधरा-पंधरा फुटांवर जोडलेले. आमच्या ट्रकच्या दोन आसांतलं अंतर १७६ इंच, म्हणजे जवळजवळ तेवढंच. पुढचं चाक एका सांध्यावर आलं की मागचं मागच्या सांध्यावर, दोन्ही दणके एकदम. वेग चार-पाच मैलांनी कमी केला की दणक्यांची लय मोडते आणि ट्रक टुणटुणायचा थांबतो. फुकटातला उपाय म्हणून तो आधी सांगितला.

पण सगळ्यात मोठा फरक पडला तो टायरमधल्या हवेने. आमच्या चारही टायरांत ८० पीएसआय होती, कारण टायरच्या दुकानात बाजूला छापलेला आकडा वाचून तेवढी भरतात. तो आकडा टायर जास्तीत जास्त भार घेणार असेल तेव्हाचा. आपल्याला पाहायचा आहे तो दारावरच्या स्टिकरचा. रिकाम्या ट्रकच्या मागच्या टायरांत त्याहूनही खाली जाता येतं, पण अंदाजाने नाही. आधी रिकामा ट्रक काट्यावर घालायचा, मग टायर कंपनीच्या तक्त्यात त्या मापाच्या टायरला त्या वजनासाठी किती हवा लागते ते पाहायचं, वर थोडी जास्त ठेवायची आणि ट्रकच्या पुस्तिकेत मनाई नाही ना, हेही बघायचं. पुढच्या टायरांच्या वाटेला जायचं नाही, डिझेलचं ओझं त्यांच्यावर रोजच असतं. ट्रेलर जोडायच्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, हवा पुन्हा पूर्ण. हे लक्षात राहणार नसेल तर स्टिकरच्या आकड्यावरच राहा. कमी हवेवर ओझं ओढलेला टायर तापून फुटतो. हवा कमी झाल्याचा दिवा लागला तर तो बंद करून देणारे लोक भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे जावं.

हवेच्या पिशव्या आम्ही ठेवल्या, पण ट्रेलर सोडला की त्यांची हवा कंपनीने सांगितलेल्या किमान दाबावर आणतो. पुष्कळांच्या त्या रिकाम्या ट्रकमध्येही फुगलेल्याच असतात आणि मग ट्रक उधळतो म्हणून शॉकअपला दोष देतात.

शॉकअप बदलले, तो खर्च मात्र सार्थकी लागला. शॉकअप पाटे मऊ करत नाही. दणका बसल्यावरचं मागचं टोक नाचणं तो आवरतो. गॅस भरलेले मोनोट्यूब घ्या, पण उंची न वाढवलेल्या ट्रकसाठीचे आणि ओढकामाचा विचार करून बनवलेले. पुढून उंच करायचं किट विकायला दुकानदार उत्सुक असतो. दिसतं झकास, आरामाशी त्याचा काही संबंध नाही.

हौद्यात तीनशे पौंड वाळूच्या पिशव्या ठेवल्या तरी रिकामा ट्रक शहाण्यासारखा चालतो. त्या मागच्या आसाच्या वर, पक्क्या बांधून ठेवाव्यात आणि ट्रेलर जोडताना उतरवाव्यात, नाहीतर तेवढं वजन स्टिकरच्या आकड्यातून जातं.

ट्रेलरसकट हिसके बसतात त्याचं औषध निराळं. तिथे वजन वाटून देणारी हिच लागते; तिच्या स्प्रिंग-बारांमुळे मागचं काही ओझं पुढच्या आसाकडे आणि ट्रेलरच्या चाकांकडे जातं. ती काट्यावरच जुळवावी: एकदा ट्रेलरशिवाय, एकदा ट्रेलर जोडून पण बार न लावता, एकदा बार लावून. शिवाय ट्रेलरमध्ये सामान भरताना बॉलवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के यायला हवं. दणके कमी करायला जड सामान मागच्या टोकाला सरकवणारे आहेत. त्यांचा ट्रेलर उतारावर शेपटी हलवायला लागतो.

पाटे उघडावेच लागले तर यू-बोल्ट नवे घाला, जुने परत आवळू नका आणि थोडं अंतर चालवून नवेही पुन्हा तपासून घ्या. बाकी रस्त्याचं काही आपल्या हातात नाही. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे आणि कायद्याने बहुतेक वेळा उजवीकडची लेन धरावी लागते. मालट्रकांनी सगळ्यात जास्त फोडलेली लेनही तीच.