चार तारे

सैन्यातील अधिकाऱ्याचा हुद्दा ओळखावयाचा असेल, तर त्याच्या गणवेषाकडे पाहावे. खांद्यावरील पट्टीवर असलेली चिन्हे त्याचा अधिकार सांगतात. अमेरिकेच्या आरमारात ॲडमिरलच्या पट्टीवर चार तारे असतात. शांततेच्या काळात ह्याहून वरचा हुद्दा त्या आरमारात कोणालाही दिला जात नाही.

२०१४ साली अशा पट्ट्यांची एक मागणी करण्यात आली. मागणी साधीच होती. परंतु ती पुरी करता येईना. पुरुषांसाठी चार ताऱ्यांच्या पट्ट्या तयार होत्या, पण स्त्रियांच्या मापाच्या पट्ट्या कोठेच नव्हत्या. त्या कोणी बनविल्याच नव्हत्या, कारण त्या मागणारी स्त्री आजवर झालीच नव्हती. अखेर खास करार करून त्या बनवून घ्याव्या लागल्या. १ जुलै २०१४ रोजी ज्या स्त्रीच्या खांद्यावर त्या चढल्या, तिचे नाव मिशेल हॉवर्ड. अमेरिकेच्या आरमाराची स्थापना १७७५ साली झाली. तेव्हापासूनच्या २३८ वर्षांच्या इतिहासात ॲडमिरल झालेली ही पहिली स्त्री होय.

मिशेल हॉवर्ड ह्यांचा जन्म ३० एप्रिल १९६० रोजी कॅलिफोर्निया राज्यातील मार्च नावाच्या विमानदलाच्या तळावर झाला. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन होते व विमानदलात नोकरीला होते. आई इंग्लंडची होती. वडिलांची पिढी मोठ्या विषमतेची होती. अमेरिकेच्या सैन्यात गोऱ्या व काळ्या सैनिकांना एके काळी वेगवेगळे ठेवीत. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन ह्यांनी हुकूम काढून हा भेद बंद केला. त्याच वर्षी दुसरा एक कायदा झाला. त्या कायद्याने स्त्रियांना सैन्यात कायमचे स्थान मिळाले खरे. परंतु रुग्णनौका व वाहतूक नौका सोडून आरमाराच्या कोणत्याही जहाजावर त्यांना काम करता येणार नाही, असे बंधनही त्याच कायद्याने घातले. आरमारात जावे आणि जहाजावर मात्र चढू नये, अशी ती विचित्र स्थिती होती!

मिशेल बारा वर्षांची असताना तिने दूरचित्रवाणीवर सैनिकी अधिकारी तयार करणाऱ्या एका संस्थेचा माहितीपट पाहिला. तेथील कवायत, तेथील शिस्त, तेथील अभ्यास पाहून ती भारावून गेली. आपणही अशाच संस्थेत जावयाचे, असे तिने मनाशी ठरविले व ते भावाला सांगितले. भावाने सांगितले, की तेथे मुलींना घेत नाहीत. तिला ते खरे वाटेना. ती आईकडे गेली. आईलाही तेच सांगावे लागले, कारण कायदाच तसा होता.

आईने तिची समजूत घालून तो विषय तेथेच संपविला असता, तर ही कथा पुढे घडली नसती. तिने मुलीला सांगितले, की तू अजून लहान आहेस. पुढे कदाचित तुझा विचार बदलेल. पण वय झाल्यावरही तुला तेथेच जावेसे वाटले, तर आपण सरकारविरुद्ध न्यायालयात दाद मागू. आणि त्या दाव्याचा निकाल तुझ्या हाती लागला नाही, तरी तुझ्यामागून येणाऱ्या मुलींना त्याचा उपयोग होईल. मुलांनो, ह्या उत्तरातील शेवटचे वाक्य नीट ध्यानात घ्या. आपल्या कष्टाचे फळ आपल्याच पदरात पडले पाहिजे, असा हट्ट त्या माउलीने धरला नव्हता.

दावा लावण्याची वेळ आली नाही. काळ बदलत होता. १९७२ साली, म्हणजे मिशेल बारा वर्षांची झाली त्याच वर्षी, परिचारिका दलातील ॲलीन ड्यूर्क ह्या अमेरिकेच्या आरमारातील पहिल्या स्त्री रिअर ॲडमिरल झाल्या. १९७५ साली कायदा होऊन सैनिकी प्रबोधिनींचे दरवाजे मुलींना खुले झाले, व १९७६ साली मुलींची पहिली तुकडी ॲनापोलिस येथील नौदल प्रबोधिनीत दाखल झाली. १९७८ साली मिशेलनेही तेथे प्रवेश मिळविला. तिचे वय तेव्हा अठरा वर्षांचे होते.

दार उघडले, म्हणजे आतील सारी माणसे स्वागताला उभी असतात असे नाही. स्त्रियांनी ह्या संस्थेत येऊ नये, असे मानणारे अनेक जण तेथे विद्यार्थ्यांत होते, तसे जुन्या अधिकाऱ्यांतही होते. मुली संख्येने थोड्या, आणि त्यांत कृष्णवर्णीय मुली तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. अशा ठिकाणी वादविवाद करून मते बदलत नाहीत. अभ्यास, कवायत, पोहणे, नौकानयन ह्यांत कोठेही कमी न पडणे हाच एक उपाय असतो. मिशेलने तो पत्करला आणि चार वर्षांचा खडतर अभ्यासक्रम पुरा करून १९८२ साली ती अधिकारी होऊन बाहेर पडली.

तोवर जहाजांविषयीचे बंधन थोडे सैल झाले होते. १९७८ साली न्यायालयाने ह्या बंधनाविरुद्ध निकाल दिला, व त्यानंतर स्त्रियांना लढाऊ नसलेल्या जहाजांवर काम करण्याची मुभा मिळाली. त्यामुळे हॉवर्ड ह्यांची आरंभीची नोकरी पाणबुड्यांना सामग्री पुरविणाऱ्या ‘हन्ली’ ह्या जहाजावर व वैमानिकांना शिक्षण देणाऱ्या ‘लेक्सिंग्टन’ ह्या विमानवाहू जहाजावर झाली. उत्तम नेतृत्वाबद्दल स्त्री अधिकाऱ्याला दिले जाणारे कॅप्टन विनिफ्रेड कॉलिन्स पारितोषिक त्यांना १९८७ साली मिळाले. १९९० साली त्या दारूगोळा वाहून नेणाऱ्या ‘माउंट हूड’ ह्या जहाजाच्या मुख्य अभियंता झाल्या. इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर जे आखाती युद्ध झाले, त्यात ह्या जहाजाने कामगिरी केली. जहाजाची यंत्रे अखंड चालू ठेवणे हे काम डोळ्यांत भरणारे नसते. परंतु ती यंत्रे थांबली, की मोठमोठे सेनानीही हतबल होतात.

१९९३ च्या अखेरीस लढाऊ जहाजांवरील बंदीही उठली. १९९६ साली हॉवर्ड ‘टॉर्टुगा’ ह्या जहाजावर कप्तानाच्या खालोखालच्या अधिकारी झाल्या; आणि १२ मार्च १९९९ रोजी ‘रशमोर’ ह्या युद्धनौकेचे आधिपत्य त्यांच्याकडे आले. सुमारे ६०९ फूट लांबीची ही नौका मोठी चमत्कारिक आहे. ती आपल्या पोटात समुद्राचे पाणी घेऊन थोडी खाली बसते, आणि मग मागील दरवाजातून सैनिकांनी भरलेल्या होड्या तरंगत बाहेर पडतात. अमेरिकेच्या आरमारातील जहाजाची कप्तान झालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून हॉवर्ड ह्यांचे नाव त्या दिवशी इतिहासात नोंदले गेले.

कीर्तीबरोबर उपद्रवही आला. मुलाखतीसाठी वार्ताहरांचा तगादा सुरू झाला. हॉवर्ड ह्यांना जहाजाच्या कामातून डोके वर काढण्यास सवड नव्हती. त्रासून त्यांनी आईपुढे गाऱ्हाणे मांडले. आईने पुन्हा एकदा सरळ उत्तर दिले. तू इतिहासात जेथे उभी आहेस तेथे उभी आहेस, हे काही बदलावयाचे नाही. तेव्हा त्याच्याशी जुळवून कसे घ्यावयाचे एवढेच तू ठरव, असा त्याचा आशय होता. पहिलेपणाचा मान ज्याला मिळतो, त्याला पहिलेपणाचा भारही वाहावा लागतो.

पुढे त्यांच्यावर एकाहून अधिक जहाजांची जबाबदारी आली. २६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात प्रचंड त्सुनामी लाटा उसळून लक्षावधी लोक प्राणास मुकले. त्या वेळी हॉवर्ड एका नौकासमूहाच्या प्रमुख होत्या. त्यांच्या नौकांनी इंडोनेशियातील आपद्ग्रस्तांना मदत पोहोचविण्याच्या कामात भाग घेतला. २००७ साली त्या रिअर ॲडमिरल झाल्या. नौदल प्रबोधिनीतून पदवी घेतलेल्या स्त्रियांपैकी ह्या श्रेणीसाठी निवड झालेल्या त्या पहिल्या.

त्यांच्या धैर्याची व विवेकाची खरी कसोटी २००९ च्या एप्रिल महिन्यात लागली. सोमालिया देशाच्या किनाऱ्यालगत त्या काळी समुद्री चाच्यांनी उच्छाद मांडला होता. त्यांचा बंदोबस्त करणाऱ्या अनेक राष्ट्रांच्या नौकापथकाचे आधिपत्य हॉवर्ड ह्यांनी स्वीकारून अवघे काही दिवस झाले होते. ८ एप्रिल रोजी ‘मर्स्क अलाबामा’ नावाचे मालवाहू जहाज मोम्बासा बंदराकडे चालले होते. त्यावर इतर मालाबरोबर गरजू लोकांसाठी धान्यही होते. किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात, चार शस्त्रधारी चाचे त्या जहाजावर चढले. खलाशांनी मोठ्या हिकमतीने जहाज वाचविले. परंतु चाचे कप्तान रिचर्ड फिलिप्स ह्यांना ओलीस धरून एका लहानशा बंदिस्त जीवरक्षक नौकेतून निसटले.

आता करावे काय? एका बाजूला बलाढ्य युद्धनौका, आणि दुसऱ्या बाजूला एक क्षुल्लक नाव. पण त्या नावेत एक निरपराध माणूस होता. घाईने हल्ला करावा, तर त्याच्याच जिवावर बेतणार. हातावर हात ठेवून बसावे, तर नाव वाहत किनाऱ्याला लागणार आणि मग त्याचा शोध लागणे कठीण. अशा वेळी केवळ शौर्य पुरत नाही. हिशेब करावा लागतो. वारा कोणत्या दिशेचा आहे, प्रवाह किती वेगाचा आहे, नाव किनाऱ्याला केव्हा पोहोचेल, सूर्य केव्हा उगवेल, ह्या साऱ्यांचा विचार ‘बॉक्सर’ ह्या जहाजावर हॉवर्ड व त्यांचे सहकारी करीत होते. ‘बेनब्रिज’ ही विनाशिका त्या नावेजवळ ठाण मांडून होती. एकीकडे वाटाघाटी चालू ठेवून दुसरीकडे नावेला किनाऱ्यापासून दूर ठेवण्यात आले. १२ एप्रिल रोजी कप्तानाच्या जिवाला तत्काळ धोका आहे असे दिसताच नेमबाजांनी नावेतील तिघा चाच्यांना अचूक टिपले. चौथा त्यापूर्वीच ‘बेनब्रिज’वर आला होता, तो कैद झाला. कप्तान फिलिप्स सुखरूप सुटले. त्या चार दिवसांत ज्या असंख्य हातांनी काम केले, त्यांना एका सूत्रात बांधून ठेवणे ही सेनानीची कामगिरी होती.

२०१२ साली हॉवर्ड व्हाइस ॲडमिरल झाल्या. तीन ताऱ्यांचा हा हुद्दा अमेरिकेच्या कोणत्याही सेनादलात त्यांच्यापूर्वी कृष्णवर्णीय स्त्रीला मिळाला नव्हता. १ जुलै २०१४ रोजी चौथा तारा चढला आणि आरमाराच्या उपप्रमुखपदाची सूत्रे त्यांच्या हाती आली. २०१६ साली त्यांनी युरोप व आफ्रिका विभागांतील अमेरिकन आरमाराचे आधिपत्य स्वीकारले. पस्तीस वर्षांची सेवा करून २०१७ साली त्या निवृत्त झाल्या.

त्यांनी मळलेल्या वाटेने इतर स्त्रियाही पुढे गेल्या. २०२३ साली लिसा फ्रँकेटी ह्या अमेरिकेच्या आरमाराच्या पहिल्या स्त्री प्रमुख झाल्या व फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. आपल्या देशातही अशी उदाहरणे आहेत. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख असलेल्या डॉक्टर पुनीता अरोरा २००५ साली भारतीय नौदलात सर्जन व्हाइस ॲडमिरल झाल्या. २००४ साली भूदलात लेफ्टनंट जनरलचा हुद्दा मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रीही त्याच. भारतीय युद्धनौकेचे आधिपत्य स्त्रीकडे येण्यास मात्र २०२३ साल उजाडावे लागले. तो मान मुंबईच्या प्रेरणा देवस्थळी ह्यांना मिळाला.

मुलांनो, बारा वर्षांची मिशेल तुमच्याच वयाची होती. जे दार तिच्यासाठी बंद होते, ते उघडण्याचे काम अनेकांनी केले. कोणी कायदा बदलला, कोणी न्यायालयात दाद मागितली, कोणी तिच्याआधी त्या वाटेने चालून गेले. तिने स्वतः काय केले? दार उघडेल त्या दिवशी आत पाऊल टाकण्याची योग्यता अंगी आणली, आणि आत गेल्यावर ती पुन्हा पुन्हा सिद्ध करून दाखविली. २०१४ साली चार ताऱ्यांच्या पट्ट्या प्रथम बनवाव्या लागल्या. त्यानंतर ज्या कोणा स्त्रीने त्या मागितल्या, तिला ‘अशा पट्ट्या नाहीत’ हे उत्तर ऐकावे लागले नाही.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चार ताऱ्यांच्या पट्ट्या खास बनवून का घ्याव्या लागल्या?
(आ) १९४८ सालच्या कायद्याने स्त्रियांवर कोणते बंधन घातले?
(इ) ‘रशमोर’ नौकेचे वैशिष्ट्य कोणते?

२. पुढील प्रश्नांची पाच-सहा ओळींत उत्तरे लिहा.
(अ) आईने मिशेलला दिलेल्या दोन्ही उत्तरांतून आईच्या स्वभावाचे कोणते गुण दिसतात?
(आ) कप्तान फिलिप्स ह्यांच्या सुटकेच्या वेळी घाई व दिरंगाई ह्या दोहोंत कोणते धोके होते?

३. ‘दार उघडले, म्हणजे आतील सारी माणसे स्वागताला उभी असतात असे नाही.’ ह्या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
भारावून जाणे, दाद मागणे, उच्छाद मांडणे, जिवावर बेतणे, ठाण मांडणे, पदरात पडणे.

५. तुमच्या गावात किंवा कुटुंबात एखादे काम प्रथमच करणारी स्त्री असेल, तर तिला भेटून तिची माहिती आपल्या शब्दांत लिहा.