कोंबडीखत शेतात टाक, गव्हाणीत नको

चिखली

चि. गणेश यास,


पोल्ट्रीतलं लिटर, म्हणजे विष्ठा मिसळलेलं तूस, फुकट मिळतंय, वाळवून बकऱ्यांच्या खुराकात मिसळतो, असं तू फोनवर म्हणालास. ढेपेच्या भावाने तुझा जीव मेटाकुटीला आलाय, हे मला कळतं. तरी ते गोठ्यात नेऊ नकोस.

तुझा हिशेब अगदीच चुकीचा नाही. कोंबडीच्या विष्ठेतल्या यूरिक आम्लात नत्र असतं आणि बकरीच्या पोटातले जिवाणू त्या नत्रापासून प्रथिनं बनवतात. परदेशात असं लिटर गुरांना चारलंही गेलंय. लिटरमधल्या पिसांत तर 80 टक्क्यांवर प्रथिनं, पण दाबाच्या वाफेत शिजवल्याशिवाय ती पचत नाहीत. घरच्या चुलीवर ते काम होत नाही.

काल मी लिटरचं एक पोतं ताडपत्रीवर ओतलं. तुसात बोटं फिरवली तर पिसं, सुतळीचा तुकडा आणि वाळून चपटं झालेलं एक पिल्लू हाताला लागलं. खरी भीती त्या पिल्लाची आहे. मेलेल्या पक्ष्यात बोटुलिझमचं विष तयार होतं. ते पोटात गेलं की बकरीचे पाय लुळे पडतात, ती मान टाकते, आणि मग हाती काही राहत नाही. उन्हात वाळवलं म्हणून विष गेलं, असा भरवसा धरू नकोस. शिवाय कोंबड्यांच्या खाद्यातलं तांबं आणि औषधंही लिटरमध्ये उतरतात. आपल्या मेंढ्यांना तर ते तांबं फारच बाधतं.

अरे, आपला तालुका सोयाबीन, तूर, हरभऱ्याचा. सोयाबीनच्या ढेपेत 45 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणून ती थोडीच लागते. तिच्यात तुरीची चुनी आणि मक्याचा भरडा मिसळ. मोठ्या बकरीला दिवसाला पाव किलो खुराक पुरे. गाभण आणि दूध पाजणारीला थोडा वाढव. खुराक बदलताना दहा-बारा दिवस हळूहळू बदल. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस चुकवू नकोस. बांधावर सुबाभूळ लाव, त्याच्या पाल्यात भरपूर प्रथिनं आहेत. पण रोज तोच एक पाला घालू नकोस.

लिटर चांगलं कुजवून कपाशीला टाक, तिथे ते सोनं आहे. माझ्याकडे हरभऱ्याचं कुटार भरून ठेवलंय. रविवारी गाडी घेऊन ये आणि चार पोती ने.

तुझा,
मामा