'ऑर्डर' : शब्द एक, अर्थ अनेक



काही इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात इतके रुळले आहेत की त्यांचा अर्थ कोणी विचारत नाही. 'ऑर्डर' हा त्यांपैकी एक. वाशी तालुक्यातील तेरखेडा फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्या धंद्यातील उदाहरणे घेऊन आम्ही आज या शब्दाचे उपयोग सांगत आहोत.

१) मागणी : दुकानदार ऑर्डर 'देतो', कारखानदार 'घेतो'. तोंडी ऑर्डर हे भांडणाचे मूळ. मालाचा प्रकार, पेट्या, भाव, गाडीभाडे, इसार आणि माल पोचवण्याची तारीख कागदावर लिहून दोघांनी सही करावी. दिवाळी सरल्यावर नाकारलेला माल कारखानदाराच्याच अंगावर पडतो.

२) हुकूम : ही ऑर्डर 'निघते'. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी फटाक्यांबाबत अशीच ऑर्डर काढली. कमी धुराचे व आवाजाच्या मर्यादेतील फटाकेच चालतील, ते परवानाधारकानेच विकावेत, लडी बनवू अथवा विकू नयेत, बेरियमचे क्षार वापरू नयेत, ऑनलाइन विक्री करू नये, असे तीत होते. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने या बंदीच्या कडक अंमलबजावणीची पुन्हा ताकीद दिली.

३) चेक : चेकवरील 'बेअरर' शब्द खोडला की तो 'ऑर्डर' चेक होतो. मग रक्कम नाव असलेल्या व्यक्तीला किंवा तिने सही करून ज्याच्या नावे केली त्यालाच मिळते. चेक हरवला तरी धोका कमी. दोन रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहिल्यास अधिक सुरक्षित.

४) क्रम व सुस्थिती : 'बिले तारखेच्या ऑर्डरने लावा' म्हणजे क्रमाने लावा. यंत्रावर 'आउट ऑफ ऑर्डर' लिहिले असेल तर ते बंद आहे असे समजावे.

आता मुख्य मुद्दा. पहिली आणि दुसरी ऑर्डर एकमेकींच्या आड आल्या तर? गिऱ्हाईक लडीची मोठी ऑर्डर देते, रोख इसारही पुढे करते. पण गिऱ्हाइकाच्या ऑर्डरने न्यायालयाची ऑर्डर रद्द होत नाही. माल जप्त झाला, परवाना गेला, तर नुकसान बनवणाऱ्याचे. गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. म्हणून ऑर्डर वहीत उतरवण्यापूर्वी तो माल बनवण्याची व विकण्याची मुभा आहे का, हे आधी पाहावे. नसेल, तर इसाराला हात लावू नये.