घार आणि कापशी

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात सोनई हे गाव आहे. मुळा धरणाच्या पाण्यामुळे या परिसरात उसाचे मळे पिकतात. त्या मळ्यांवरील आकाशात दोन शिकारी पक्षी दृष्टीस पडतात. एक घार व दुसरी कापशी. कापशीलाही पुष्कळ लोक घारच म्हणतात. परंतु दोघींच्या रूपात व वृत्तीत मोठे अंतर आहे.

घारीची लांबी सुमारे ६० सेंटिमीटर भरते. तिचा रंग तपकिरी असून शेपटीला मधोमध खाच असते. या खाचेवरून उडती घार लांबूनही ओळखता येते. पंख पसरून ती वाऱ्यावर संथपणे तरंगते. मेलेली जनावरे, उकिरड्यावरील घाण, बाजारातील मांसाचे तुकडे, जे मिळेल त्यावर ती निर्वाह करते. संधी साधून ती कोंबडीचे पिल्लूही उचलते. म्हणून गृहिणींचा तिच्यावर रोष असतो. तथापि, गावातील घाण नाहीशी करणारी ती विनावेतन सेविकाच होय.

कापशी कावळ्याहूनही लहान असते. तिची पाठ राखी, पोट कापसासारखे पांढरे, खांदे काळे आणि डोळे लालबुंद असतात. विजेच्या तारेवर बसून ती शेत न्याहाळते. मग उडून हवेत एकाच जागी पंख फडफडवीत थांबते, पाय खाली सोडते आणि भक्ष्यावर उतरते. उंदीर, टोळ व सरडे हे तिचे अन्न. उकिरड्याकडे ती सहसा फिरकत नाही.

उंदीर उसाची कांडी कुरतडतात व बांध पोखरतात. त्यांना मारण्यासाठी शेतकरी विष घालतो. परंतु विष खाल्लेला उंदीर कापशीने गिळला, तर काही विषांची बाधा तिलाही होते. बांधावरची बाभूळ तोडली, की तिच्या घरट्याची जागाही जाते. झाडाच्या सावलीने पीक थोडे कमी येते, हे खरे. पण त्याच झाडावर शेताचा राखणदार राहतो, हेही तितकेच खरे.

घारीला एका पिल्लासाठी आणि कापशीला केवळ घारीच्या नावासाठी शत्रू मानणे, हा अन्याय होय. एक गाव स्वच्छ ठेवते, दुसरी शिवार राखते.

स्वाध्याय
१. उडती घार कशावरून ओळखावी?
२. कापशी हे नाव सार्थ का आहे?
३. बांधावरचे झाड राखण्यात शेतकऱ्याचा तोटा कोणता व लाभ कोणता?