नळाची गळती : वॉशर बदलण्यापूर्वी कारण शोधा

सौर बंबाच्या गरम पाण्याचा नळ नवा वॉशर घालूनही पुन्हापुन्हा ठिबकू लागतो. अशा वेळी पाण्याची मुख्य झडप बंद करून जुना वॉशर काढावा व प्रथम तो न्याहाळावा. तो कडक होऊन तडकला असल्यास साधे रबर उष्णतेस टिकलेले नाही. ईपीडीएम रबराचा वॉशर घालावा. तो फुगून मऊ झाला असल्यास त्यास खनिज तेलाचे ग्रीस लागले असावे. सिलिकॉन ग्रीस वापरावे. एका बाजूस चिरला असल्यास पितळी बैठक क्षारांनी वा झिजेने खडबडीत झालेली असते; ती घासून समतल करावी. नळ जोराने आवळल्यास झीजच वाढते. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरांहून अधिक पाणी वाया जाते. कारण ओळखून केलेली दुरुस्तीच टिकते.